ॲव्हरेज किती पडतं?

पुण्यात पौड रस्त्यावरून वेताळ टेकडीकडे एक चढ जातो. पहाटे फिरायला येणारे लोक टेकडीच्या त्या भागाला सरळ ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. हे नाव तिथल्या संस्थेवरून पडलं. वाहन उद्योगाने सरकारच्या साथीने १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. तिच्या प्रयोगशाळेत गाडी जागची हलत नाही, चाकं फक्त रोलरवर फिरतात. चालक समोरच्या पडद्यावरची रेघ पाहत ॲक्सिलरेटर कमीजास्त करत राहतो. भारतीय रस्त्यांसाठी ठरवलेलं मूळ आवर्तन १०८ सेकंदांचं होतं: निघा, वेग घ्या, सोडा, थांबा, पुन्हा निघा. त्यातला कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. अशा फेऱ्या झाल्या की धुराड्यातून आलेल्या वायूंच्या मोजणीवरून किती इंधन जळलं याचा हिशेब लागतो. त्यातून निघालेला आकडा देशभरच्या शोरूममध्ये पोचतो.

गिऱ्हाईक तो आकडा ऐकून घेतं आणि मग शेजाऱ्याला विचारतं, “ते कंपनीचं झालं. प्रत्यक्षात ॲव्हरेज किती पडतं?”

‘मायलेज’ हा शब्द मराठीत नंतर रुळला. त्याआधी घरोघरी ‘ॲव्हरेज’च होतं, आणि गावाकडे आजही तेच आहे. शब्द चपखल आहे, कारण एका टाकीवरून काही ठरत नाही. चार-सहा टाक्यांची सरासरी काढावी तेव्हा गाडीचा स्वभाव कळतो. गेली पन्नास वर्षं हा एकच प्रश्न स्कूटरवाला, रिक्षावाला, जीपवाला, टेंपोवाला आणि एसटी महामंडळ विचारत आले आहेत. प्रत्येकाचं कारण मात्र वेगळं होतं. इंधनाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात, त्यावर कोणतं इंजिन टिकलं आणि कोणतं गेलं हे बऱ्याच अंशी ठरत आलं. भारतातल्या गाड्यांचा इतिहास इंजिनिअरांच्या टेबलावर जेवढा घडला, तेवढाच पंपावरच्या या हिशेबात घडला.

साठ-सत्तरच्या दशकांत निवड करायला काही नव्हतंच. भांडुपला एपीआयची लँब्रेटा, आकुर्डीला बजाजची स्कूटर. पियाजिओशी असलेला बजाजचा करार १९७१ मध्ये संपला आणि त्याच घराण्यातली ‘चेतक’ १९७२ मध्ये आली. नंबर लावला की वर्षानुवर्षं थांबायचं. परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र गाडी लवकर मिळे. ज्या गाडीसाठी माणूस आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट बघतो, तिला तो लिटरला किती जातेस असं विचारून परत पाठवत नाही.

स्कूटरचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. बांधणी सुटसुटीत, झडपांची भानगड नाही, सुटे भाग कमी. प्लग साफ करणं आणि कार्बोरेटर उघडून फुंकर मारणं एवढं जमलं की कोपऱ्यावरचा मेकॅनिक ते चालू करून देई. त्याचा दोष रचनेतच होता. सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण शिरत असतं त्याच वेळी जळालेला धूर बाहेर निघत असतो, म्हणजे यायचं आणि जायचं अशी दोन्ही दारं एकदम उघडी. त्या गर्दीत काही ताजं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाई. शिवाय पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावं लागे, म्हणून मागे निळसर धुराची शेपटी. नीट ट्यून केलेली स्कूटर लिटरला चाळीसच्या आसपास जायची आणि लोक त्यात समाधानी होते.

या गाड्यांना पेट्रोलचा काटा नव्हता. टाकी संपत आली की गाडी आचके देई आणि चालवणारा चालता चालताच नॉब ‘रिझर्व्ह’वर फिरवी. पुढचं सगळं अंदाजावर. या अंदाजातूनच मोजण्याची सवय लागली. टाकी फुल्ल करायची, मीटरचं रीडिंग खिशातल्या डायरीत लिहायचं, पुन्हा फुल्ल करताना पुन्हा लिहायचं आणि भागाकार करायचा. दुधाचा, किराण्याचा, पेट्रोलचा हिशेब एकाच डायरीत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. बॅरलला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेला. भारतात पेट्रोल कडाडलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. ते चित्र पुढे दर भाववाढीला लोकांना आठवत राहिलं. पगारदार माणसाच्या दृष्टीने खरा बदल वेगळाच होता. तोवर गाडी घेणं हा एकदाच करायचा खर्च वाटे. आता ती दर महिन्याला खाऊ लागली.

‘लूना’ त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये बाजारात आली होती. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने काढलेली ही ५० सीसीची मोपेड म्हणजे सायकलला इंजिन लावल्यासारखी वस्तू. पायडल मारून चालू करायची, पेट्रोल संपलं तर पायडल मारतच घरी यायचं. शिक्षक, कारकून, विमा एजंट, कॉलेजातल्या मुली, पोस्टातले कर्मचारी: सायकल सुटली पण स्कूटर परवडत नाही, अशा मोठ्या वर्गाला लूनाने रस्त्यावर आणलं. तिचा वेग, तिचं ओझं पेलण्याचं बळ, दोन्ही बेताचंच. तरीही ती वर्षानुवर्षं खपत राहिली. कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला या देशात स्वतःचा बाजार आहे, हे सिद्ध करणारी ती पहिली गाडी म्हणावी लागेल.

सरकारनेही १९७८ मध्ये इंधन बचतीसाठी पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन स्थापन केली. सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, क्लचवर पाय ठेवून चालवू नका, हे तिचे संदेश पंपांवर रंगवले गेले. पण रस्त्यावरचं चित्र ज्याने पालटलं, ते एक इंजिन होतं.

ऐंशीच्या दशकात दुचाकी उद्योगाला परदेशी सहकार्याची वाट मोकळी झाली आणि दोन-तीन वर्षांच्या आत १०० सीसीच्या चार जपानी घराण्यांच्या मोटरसायकली भारतात उतरल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, बजाजबरोबर कावासाकी आणि हिरोबरोबर होंडा. यांपैकी पहिल्या तिघी टू-स्ट्रोक होत्या. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडाची सीडी-१०० तेवढी फोर-स्ट्रोक. तिच्यात दोन्ही दारं एकदम सताड उघडी राहत नाहीत. झडपा वेळेवर उघडतात, वेळेवर मिटतात, आत आलेलं पेट्रोल आतच जळतं. इंजिनाचं ऑईल वेगळं राहतं, पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही. कंपनी लिटरला ८० किलोमीटरचा दावा करत होती. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची इंग्रजी जाहिरात खूप गाजली. ज्या देशात पेट्रोलचा विचार डोक्यातून कधी जातच नव्हता, तिथे ‘विसरून जा’ हे आश्वासन फार मोठं होतं.

तरुणांना यामाहाची आरएक्स-१०० आवडे. तिचा पिकअप, तिचा आवाज यांच्या आठवणी काढणारे आजही भेटतात, आणि जुन्या आरएक्सला आजही मोठी किंमत येते. पण गाडीचे पैसे बहुतेक घरांत वडील भरत होते. वडिलांनी सीडी-१०० घेतली. कामावर जाणाऱ्याने घेतली, तालुक्याच्या गावी रोज ये-जा करणाऱ्या ग्रामसेवकाने घेतली, फिरत्या विक्रेत्याने घेतली. हुंड्याच्या मागण्यांत स्कूटरच्या जोडीला हिरो होंडाचं नाव येऊ लागलं, ही या यशाची लाजिरवाणी बाजू. १९९४ मध्ये त्याच इंजिनावरची ‘स्प्लेंडर’ आली आणि २००१ मध्ये हिरो होंडा ही संख्येने जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. वेगाने किंवा ताकदीने ते स्थान मिळालेलं नव्हतं. लिटरला जास्त किलोमीटर देऊन मिळालं होतं.

आकुर्डीत याचा धक्का बसल्याशिवाय राहिला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोटरसायकलींनी स्कूटरला मागे टाकलं. बजाजने कावासाकीच्या साह्याने फोर-स्ट्रोक गाड्या काढल्या. बॉक्सर, पुढे सीटी-१००, प्लॅटिना यांनी खेड्यापाड्यांत पाय रोवले. दूधवाल्यांनी मात्र बजाजची एम-८० बराच काळ सोडली नाही. दोन्ही बाजूंना कॅन अडकवून बांधावरून, चिखलातून जायचं तर ॲव्हरेजच्या आधी गाडीचा भक्कमपणा बघावा लागतो. चेतक मात्र मागे पडत गेली आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. राहुल बजाज यांनी या निर्णयाचं दुःख जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. ज्या स्कूटरसाठी लोकांनी दहा-दहा वर्षं वाट पाहिली, तिला अखेर लिटरच्या हिशेबाने गाठलं होतं.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो बायकांनी घडवला. १९८४ साली जन्मलेल्या कायनेटिक होंडा कंपनीची बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर पेट्रोलच्या बाबतीत काटकसरी नव्हती. तरीही पुण्या-मुंबईत, नागपुरात, कोल्हापुरात नोकरदार बायकांनी आणि कॉलेजच्या मुलींनी ती आपलीशी केली. साडी नेसून किक मारावी लागत नाही, गाडी एका बाजूला कलंडवावी लागत नाही, सिग्नलला क्लच दाबून बसावं लागत नाही. या गोष्टींची किंमत त्या लिटरमागे काही किलोमीटर सोडून देऊन मोजत होत्या. पुढे २००१ मध्ये होंडाची फोर-स्ट्रोक ॲक्टिव्हा आली आणि सोय नि ॲव्हरेज यांची थोडी तरी सांगड बसली. संपली असं वाटलेली स्कूटर तिने परत आणली.

चारचाकीत हा प्रश्न विचारायची वेळ उशिरा आली. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी काय, कोलकात्याची अँबॅसिडर काय, लिटरला दहा-बारा किलोमीटरच्या पुढे सहसा जात नसत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली: ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना, वजन पद्मिनीपेक्षा कितीतरी कमी. तिने लिटरमागे पाच-सहा किलोमीटर जादा दिले आणि स्कूटरवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबाला पहिल्यांदा मोटार चालवणं, म्हणजे विकत घेतल्यावर ती पोसणं, शक्य वाटलं. पुढे याच कंपनीने ‘कितना देती है’ या हिंदी प्रश्नावर जाहिरातींची मालिका केली. प्रश्न तिने शोधलेला नव्हता, पण तो देशभर विचारला जातो हे तिने ओळखलं होतं.

या गोष्टीचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग रिक्षा आणि टॅक्सीचा आहे.

मुंबईत आणि पुण्यातही पुष्कळदा गाडीचा मालक एक आणि चालवणारा दुसरा असतो. चालवणारा मालकाला दिवसाचं किंवा शिफ्टचं ठरलेलं भाडं देतो आणि इंधन स्वतःच्या पैशाने भरतो. म्हणजे गाडीचं ॲव्हरेज सुधारलं तर फायदा चालकाचा, पण इंजिन बदलायचा किंवा किट बसवायचा खर्च मालकाचा. ज्याला गरज आहे त्याच्या हातात निर्णय नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला लिटरमागे दोन किलोमीटर म्हणजे घरी न्यायच्या पैशात थेट फरक. म्हणून या धंद्यात इंधनाची बचत कधी कायद्याने झाली, तर कधी कायद्याबाहेर.

कायद्याबाहेरची बचत रॉकेलची होती. रेशनवरचं रॉकेल सरकारी अनुदानामुळे पेट्रोल-डिझेलच्या मानाने फारच स्वस्त होतं आणि ती दरी सगळ्यांना दिसत होती. भेसळीचं इंधन जळून रिक्षांच्या मागे दाट धूर सुटे. इंजिनं लवकर बाद होत, पण आजचा दिवस निघे. पंपावर आणि टँकरमध्ये भेसळ करणाऱ्यांचं जाळं त्यातून वाढलं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला अशा इंधनचोरीवर हात टाकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. दोन इंधनांच्या भावांतल्या फरकाची किंमत एका प्रामाणिक अधिकाऱ्याने जिवाने मोजली. महाराष्ट्राने हे विसरू नये.

कायद्याने आलेली बचत सीएनजीची. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी आधी डिझेलचा मार्ग धरला होता. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं की खर्च निम्म्यावर येई, पण शहराची हवा काळवंडे. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि काही टॅक्सीवाल्यांनी सीएनजीचं किट लावून पाहिलं. वायुप्रदूषणाविरुद्ध नागरिकांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात १९९९ मध्ये याचिका दाखल केली. न्यायालयाने नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीने शिफारशी केल्या आणि त्यानंतर जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळणं भाग पडलं. डिकीत मोठं नळकांडं बसलं आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढल्या. मुंबईत परदेशातून उतरणाऱ्या पाहुण्याला जे चित्र ओळखीचं झालं, त्याच्या मुळाशी इंधनाचा हा हिशेब होता. चढावर गाडी जरा धापा टाकी आणि गॅस भरायला तासभर रांग लागे. ती रांग म्हणजे धंद्याचा बुडालेला वेळ, तो कोणत्याच ॲव्हरेजमध्ये धरला जात नाही. तरी चालकांनी सीएनजी सोडला नाही, कारण पेट्रोलशी त्याची किंमत ताडून पाहिली की उत्तर रोज संध्याकाळी गल्ल्यातच मिळे. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची मुदत संपून रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचा काळा-पिवळा रंग आठवला. तिच्या बॉनेटखाली पेट्रोल, डिझेल आणि गॅस असे तीन काळ होऊन गेले होते, तेही आठवायला हवेत.

शहराबाहेर राज्य डिझेलचं होतं. शेती आणि मालवाहतुकीसाठी सरकार डिझेलचा भाव दाबून ठेवी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो पेट्रोलच्या जेमतेम निम्मा होता. त्या स्वस्ताईवर ग्रामीण वाहतुकीचा एक अख्खा थर उभा राहिला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे ज्याला ‘वडाप’ म्हणतात ती प्रवासी जीप. पुण्यातल्या सहा आसनी रिक्षा. बारामतीच्या कारखान्यातून निघालेली पियाजिओची आपे. आपेला ग्रीव्हजचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. त्याची धडधड गावात शिरायच्या आधी ऐकू येई, पण त्यामुळेच बाजारच्या दिवशी भाजीची पाटी आणि माणसं दोन्ही थोड्या पैशांत नेता येत. डिझेलची ओढ एवढी होती की एनफिल्डने बुलेटच्या सांगाड्यात ३२५ सीसीचं डिझेल इंजिन बसवून मोटरसायकल विकली. डौलदार बुलेट त्यात संथ आणि थरथरती झाली, पण लांबच्या वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याला डौल नको होता.

मालाच्या गाड्यांची स्पर्धाही याच मुद्द्यावर झाली. ऐंशीच्या दशकात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी यांच्या तंत्रावरचे हलके ट्रक भारतात आले तेव्हा टाटांनी पुण्यातून १९८६ मध्ये ४०७ काढला आणि बाजार राखला. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला तर लोकांनीच ‘छोटा हत्ती’ असं नाव दिलं. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टनाचा माल. तीनचाकी टेंपोवाल्याला चार चाकांवर आणताना डिझेलचं बिल फार वाढू न देणं, यात तिच्या यशाचा मोठा वाटा होता. मोटारींमध्ये हीच कामगिरी १९९८ च्या अखेरीस पिंपरीहून आलेल्या इंडिकाने केली. आठवडाभरात लाखावर लोकांनी बुकिंगचे पैसे भरले. पहिल्या गाड्यांच्या तक्रारी पुष्कळ होत्या, त्या कंपनीने दुरुस्त केल्या, आणि डिझेल इंडिका पुढे देशभर टॅक्सीवाल्यांची गाडी झाली.

डिझेलच्या या ओढीचा कळस सरकारच्या एका निर्णयाने गाठला गेला. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला गेला, डिझेलचा नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात दोहोंत लिटरमागे ३० रुपयांच्या आसपास फरक होता. नव्या मोटारींतल्या निम्म्याहून जास्त डिझेलच्या होऊ लागल्या. फियाटच्या १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाची मागणी एवढी वाढली की मारुतीने स्वतःचं उत्पादन पुरेना म्हणून रांजणगावच्या फियाट कारखान्यातूनही इंजिनं घेण्याचा करार केला. पुणे-नगर रस्त्यावरच्या त्या कारखान्यातलं इंजिन एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या बॉनेटखाली धडधडत होतं. वर्षाला जेमतेम सात-आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबांनीही तेव्हा लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल गाडी घेतली. कागदावर तो हिशेब बसत नव्हता. पण पंपावर दर वेळी कमी पैसे दिल्याचं समाधान डोळ्यांना दिसे आणि आधी भरलेले लाखभर रुपये विसरले जात. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भावही मोकळा झाला आणि दरी बुजू लागली. एप्रिल २०२० पासून धुराबाबतचे बीएस-६ चे कडक नियम आले. ते पाळून लहान डिझेल इंजिन बनवणं महाग पडत होतं, म्हणून मारुतीने डिझेल बंद केलं. दहा वर्षांत एक तंत्र डोक्यावर घेतलं गेलं आणि खाली ठेवलंही गेलं. इंजिनात दोष निघाला नव्हता, भावातला फरक सरला होता.

स्वतःच्या खिशातून इंधन न भरणारा माणूस गाडी चालवतो तेव्हा काय होतं, हे पाहायचं तर एसटीच्या आगारात जावं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. डिझेल हा तिच्या खर्चातला फार मोठा भाग राहिला आहे. आगारात हिशेब लिटरचा नसतो, दहा लिटरमागे किती किलोमीटर याचा असतो. त्याला ‘केपीटीएल’ म्हणतात. चालकागणिक, गाडीगणिक हा आकडा काढला जातो. कमी आला की विचारणा, चांगला आला की कौतुक. घाटाचा मार्ग, खडी उखडलेला रस्ता, गावोगावचे थांबे हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं, म्हणून चालकांचं त्यावरून गाऱ्हाणंही असतं, आणि ते रास्त आहे. हजारो गाड्यांच्या ताफ्यात दहा लिटरमागे एक किलोमीटर वाढला तरी वर्षाला प्रचंड डिझेल वाचतं. चालकाच्या पायावर एवढं ओझं असतं.

ट्रकच्या धंद्यात हे ओझं जिवावरही बेतलं आहे. ठरलेल्या फेरीला ठरलेलं डिझेल, आणि वाचलं तर ते चालकाचं, अशी पद्धत अनेक ठिकाणी असते. मग बोरघाटात किंवा कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायचा मोह होतो. गिअरमध्ये नसलेल्या अवजड गाडीला इंजिनाचा अटकाव राहत नाही, सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी दगा देतात. त्या उतारावर झालेल्या अपघातांनंतर पोलिसांनी न्यूट्रलबद्दल पुन्हा पुन्हा बजावलं आहे. तरी चूक एकट्या चालकाची म्हणून सोडून देता येत नाही. फेरीचं गणितच असं मांडलेलं असतं की त्याच्या घरखर्चाचा एक भाग त्या उतारावर मिळतो.

अलीकडच्या दहा वर्षांत मागणीचं वळण पुन्हा बदललं. शहरांत उंच, जड एसयूव्ही वाढल्या. ॲव्हरेज विचारणारेच लोक जड गाडीची मागणी करू लागले आणि ग्राहकाच्या आवडीनिवडीवर इंधन बचत सोडून चालेना. २०१७-१८ पासून सरकारने मोटार कंपन्यांवर सरासरी कार्बनची मर्यादा घातली, किलोमीटरला १३० ग्रॅम, पुढे २०२२-२३ पासून ११३. जो प्रश्न गिऱ्हाईक विचारी तो आता नियम विचारू लागला. बॅटरी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारींना चाचणीत लिटरला २७-२८ किलोमीटरचा आकडा मिळाला, पण किमतीमुळे त्या अजून सुखवस्तूंच्याच दारात आहेत.

दुचाकीवाल्याने मात्र जुना हिशेब सोडलेला नाही. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजने सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आणली: सीटखाली दोन किलो गॅसचं नळकांडं, जोडीला दोन लिटरची पेट्रोल टाकी, आणि हँडलवर एक बटण, ते दाबलं की या इंधनावरून त्या इंधनावर. ‘रिझर्व्ह’च्या नॉबचंच हे नवं रूप. त्याच वर्षी फेब्रुवारीत लूना परत आली, विजेवर. एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ तर १ जून २०२२ रोजी मुद्दाम त्याच पुणे-नगर मार्गावर सोडली गेली होती. तिथे प्रश्न ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते’ असा झाला, पण कंपनीचा आकडा आणि खरा आकडा हे दोन हिशेब जसेच्या तसे राहिले.

आणि पंपावर आता उसाचा वाटा आहे. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्यातून हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, देशाची तेलाची आयातही त्या प्रमाणात घटते. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. जुन्या गाडीवाल्यांची त्याबद्दल तक्रार आहे. ऊस उत्पादकाच्या घरात तर दोन्ही बाजू एकत्र नांदतात: कारखान्याचं बिल वेळेवर यावं म्हणून इथेनॉल हवं, आणि दारातल्या स्प्लेंडरचं ॲव्हरेज का उतरलं याचा शोधही हवा. अशा घरात टाकी पुन्हा गळ्यापर्यंत फुल्ल करतात, रीडिंग मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतात, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच नोझलपाशी गाडी उभी करतात.